टायरपासून वर: मारुती 800 च्या इंजिनवर स्वतःची गाडी बांधायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मारुती 800 पडून आहे, इंजिन चांगलं आहे. त्यावर स्वतःच्या डिझाइनची, दोन सीटची, इंजिन मागे असलेली गाडी शून्यापासून बांधायची आहे. बॉडीचं स्केच तयार आहे, आता चौकोनी पाइप आणून चॅसिस सुरू करणार आहे. पुढचा क्रम काय ठेवू?"

पाइप एवढ्यात आणू नका. तुमचा क्रम उलटा लागला आहे. बॉडीचं स्केच, मग इंजिन, मग चॅसिस आणि उरलेल्या जागेत सस्पेन्शन असं जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. अशा गाड्या दिसायला बऱ्या होतात आणि वळणावर घाबरवतात. गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते, तिथूनच वर यायचं. आधी टायर, मग हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), मग सस्पेन्शनचे बिंदू (त्याचे हात जिथे जोडले जातात त्या जागा), मग ते बिंदू जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट. बॉडी सगळ्यांत शेवटी. मी भोसरीत चॅसिसचं काम करतो आणि कॉलेजच्या टीमना मदत करतो. चांगला वेल्डर हाताशी असूनही गाडी फसलेली पाहिली आहे, ती या क्रमामुळेच.

कायद्याचं आधी बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. पूर्ण नवी गाडी म्हणायची तर तिला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून मान्यता लागते, आणि ती व्यवस्था कारखानदारासाठी आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडीसुद्धा तपासून रस्त्यावर आणता येते, म्हणून तिथे किट कारचा, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्यांचा, एवढा प्रपंच उभा राहिला. आपल्याकडे देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून बांधलेली चारचाकी आठवत असेल. आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली, कारण ती गाडी नियमात बसत नव्हती. तेव्हा तुमची गाडी ट्रॅकवर किंवा खासगी जागेत चालवायची आहे हे धरूनच बांधा. जुन्या 800 ची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द करून घ्या आणि मगच तिला कटर लावा.

इंजिनची निवड मात्र चांगली आहे. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं हे इंजिन बहुतेक मॉडेलमध्ये चाळीसच्या आत अश्वशक्ती देतं. आकडा लहान वाटेल, पण गाडी साडेपाचशे किलोत बसवली तर शिकायला आणि मजा घ्यायला पुरेसा आहे. हे आपल्या देशात आधी झालेलं आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याच 800 च्या इंजिनवर एका सीटची रेसिंग गाडी उभी केली. ती फॉर्म्युला मारुती म्हणून ओळखली गेली आणि भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याची सुरुवात त्याच गाडीतून झाली. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे करिवर्धन यांच्याच नावाचा. घरोघरी असलेल्या इंजिनातून एका पिढीला रेसिंग परवडेल असं त्यांनी केलं. तुमच्या अंगणातल्या इंजिनकडे बघताना हे मनात असू द्या.

आता टायर. नंतरच्या 800 ना 145/70 आर 12 टायर आहे. हिशेब करा: रिम 304.8 मिमी, दोन्ही बाजूंची भिंत मिळून 203, म्हणजे व्यास 508 मिमी. भाराखाली टायर दबतो, तेव्हा हबचा मध्य जमिनीपासून साधारण 245 मिमीवर येतो. हा गाडीतला पहिला पक्का आकडा. उद्या "छान दिसतात" म्हणून 165/65 आर 13 घातले तर व्यास 545 होईल, गाडी 18 मिमी वर उचलली जाईल, सगळे गिअर सात टक्क्यांनी लांब होतील आणि सस्पेन्शनचे हात ज्या कोनात आखले ते कोन बदलतील. म्हणून टायर आणि रिम प्रत्यक्ष आणून समोर ठेवा आणि मगच कागदावर पहिली रेघ मारा. रिमच्या आत ब्रेक आणि बॉलजॉइंटला किती जागा उरते तेही व्हर्नियर घेऊन मोजा. 12 इंची रिममध्ये ती फार नसते.

टायरच्या जोडीने माणूस. 18 मिमीचा प्लाय जमिनीवर टाका, सीट ठेवा, पेडलच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोका, स्टिअरिंग काठीला बांधा आणि घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला हेल्मेट घालून अर्धा तास बसवा. गुडघा स्टिअरिंगला लागतो का, क्लच पूर्ण दाबल्यावर पाय सरळ होऊन ताठतो का, हेल्मेटच्या वर किती जागा हवी, हे तिथेच कळतं. संगणकावरचा पुतळा तक्रार करत नाही. या बैठकीतून पेडलपासून सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर मिळतं. त्यामागे फायरवॉल (माणूस आणि इंजिन यांच्यामधली पत्र्याची भिंत), मग इंजिन, मग मागचा आस. अशी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, आपोआप ठरत जाते. मूळ 800 ची 2175 मिमी आहे. तुमची 2200 च्या आसपास यायला हरकत नाही.

मग वजनाचा तक्ता करा. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, पुढच्या आसापासून तिचं अंतर लिहायचं, बेरीज करायची. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा दोन माणसांसकट 700 किलो झाले, गुरुत्वमध्य 450 मिमी उंचीवर आणि पुढे-मागे वाटणी 45-55. म्हणजे पुढे 315 किलो, मागे 385. आता 0.8 जीने (गुरुत्वत्वरणाच्या 0.8 पट) ब्रेक मारला की 700 गुणिले 0.8 गुणिले 450 भागिले 2200, म्हणजे सुमारे 115 किलो मागून पुढे सरकतात. पुढे 430, मागे 270. उभ्या गाडीत मागचा भाग जड होता, ब्रेक मारल्यावर पुढची चाकं 61 टक्के भार घेतात.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. इंजिन मागे नेताना तुम्ही 800 चा अख्खा पुढचा भाग, हब-डिस्क-कॅलिपरसकट, मागे नेणार. मग कारखान्याने पुढच्या चाकांसाठी ठरवलेला ब्रेक मागे जातो. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते. पुढे किमान तितकाच, शक्यतो मोठा डिस्क हवा आणि मागच्या लाइनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. शिवाय हँडब्रेक! 800 चा हँडब्रेक मागच्या ड्रमला आहे, पुढच्या डिस्कला तशी सोयच नाही. म्हणजे तुमच्या गाडीला हँडब्रेक राहत नाही. त्यासाठी केबलवर चालणारा वेगळा कॅलिपर लागेल आणि त्याची जागा आत्ताच राखून ठेवावी लागेल. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नको, गाडी हलकी आहे. पेडलचं गुणोत्तर पाच-सहाला एक ठेवा आणि पेडल जिथे बसतं तो भाग दणकट करा. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या रेसिंग स्पर्धेच्या नियमांत ब्रेक पेडलने 2000 न्यूटन सहन केलं पाहिजे असं आहे. घाबरलेला माणूस खरोखर तेवढा जोर लावतो.

पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या 800 चे पुढचेच नकल (हब धरणारे तुकडे) आणा, कारण वळणारे तेच. नाना पेठेत किंवा कुर्ल्याला मिळतील. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत हबचं बेअरिंग ड्राइव्हशाफ्टच्या टोकाने आणि त्याच्या मोठ्या नटाने आवळलेलं असतं. तुमच्या पुढच्या चाकांना आता ड्राइव्हशाफ्ट नाही. म्हणून बाहेरचा सीव्ही जॉइंट कापून त्याचा दांडा हबमध्ये तसाच ठेवायचा आणि नट मूळ टॉर्कने आवळायचा. नुसता हब चालवला तर बेअरिंग थोड्याच किलोमीटरमध्ये सुटतं आणि चाक हातात येतं.

पुढे डबल विशबोन करा, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी हात. स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला उभा खांब) जिथे बोल्टने बसतो तिथे जाड प्लेटचा अडॅप्टर करून वरचा बॉलजॉइंट घ्या. वरचा हात खालच्यापेक्षा आखूड ठेवा, म्हणजे गाडी वळणात कलली तरी बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट राहील. रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) पुढे जमिनीपासून 30 ते 60 मिमी आणि मागे त्याहून थोडं वर, एवढं धरून चाला. पण हातांचे आतले बिंदू कुठे घ्यायचे? इथे स्टिअरिंग रॅक, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दांडा, हुकूम चालवतो. टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी) आणि खालचा हात वेगवेगळ्या वर्तुळांत फिरले, तर चाक वर-खाली होताना स्वतःच वळतं. खड्डा आला की गाडी बाजूला जाते, हात स्टिअरिंगवर स्थिर असूनही. हाच बंप स्टिअर. तो टाळायचा तर रॅकच्या आतल्या दोन जॉइंटमधलं अंतर आणि त्या उंचीवरचं हातांच्या आतल्या बिंदूंमधलं अंतर जुळावं लागतं, आणि टाय रॉडची रेघ वाढवली तर ती वरच्या-खालच्या हातांच्या रेघा जिथे मिळतात तिथेच जावी लागते. रॅक तर तयार मिळतो, त्याची लांबी बदलता येत नाही. म्हणजे चॅसिसची पुढची रुंदी रॅक ठरवतो, तुमचं स्केच नाही. हे पूर्ण मापात प्लायवर आखा, हातांच्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या कापून टाचणीवर फिरवून बघा. सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, पण पुठ्ठ्यावर एकदा हाताने फिरवलं की स्क्रीनवरचे आकडे कशाचे आहेत ते समजतं.

स्प्रिंग अंदाजाने आणू नका. पुढच्या प्रत्येक चाकावर 157 किलो, त्यातून चाक-हबचे 30 वजा केले तर स्प्रिंगवर उरतात सुमारे 127. अशा गाडीला सेकंदाला 1.7 झोके ही गती मला योग्य वाटते. त्यावरून चाकापाशी 14.5 न्यूटन प्रति मिमी इतका कडकपणा लागतो. पण स्प्रिंग चाकापाशी नसते, ती हातावर आत बसते. चाक 10 मिमी हललं तर स्प्रिंग समजा 6 मिमी दबते. मग 14.5 ला 0.6 च्या वर्गाने, म्हणजे 0.36 ने भागायचं. उत्तर 40. नुसतं 0.6 ने भागलं तर 24 येतं, आणि तशी स्प्रिंग घातली तर नुसत्या वजनाने चाक 86 ऐवजी 145 मिमी वर येईल आणि गाडी पोटावर टेकेल. वर्ग विसरलेल्या टीम मी दरवर्षी बघतो.

मागे 800 चाच स्ट्रट ठेवता येईल, पण दोन बदल करावेच लागतील. मूळ गाडीत खालचा हात एकेरी आहे आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवायचं काम स्टॅबिलायझर बार करतो. मागे तसं न ठेवता त्रिकोणी हात बनवा. आणि नकलला स्टिअरिंगचा जो कान आहे, तो आता मागच्या चाकाला वळवू शकतो, म्हणून त्याला खालच्या हाताला समांतर, शक्यतो तितक्याच लांबीची, पक्की आणि कमी-जास्त करता येणारी लिंक चॅसिसला बांधा. ही टो लिंक सैल किंवा चुकीच्या कोनात राहिली तर गाडी मागून स्टिअर होते. पुढचा बंप स्टिअर त्रास देतो, मागचा उलटवतो.

एवढे बिंदू हवेत पक्के झाले, प्रत्येकाचे तीन आकडे वहीत आले, की मग चॅसिस. आता त्याचं काम स्पष्ट आहे: हे बिंदू एकमेकांपासून हलू न देणं. प्रत्येक बिंदू दोन-तीन पाइप जिथे मिळतात त्या सांध्याजवळ आला पाहिजे. पाइपच्या मधोमध ब्रॅकेट लावला तर पाइप वाकतो, मग तो कितीही जाड घ्या. आणि प्रत्येक चौकोनात तिरपा पाइप हवा. चौकोन चेपतो, त्रिकोण चेपत नाही. 25×25 मिमीचा, 1.6 मिमी भिंतीचा ईआरडब्ल्यू (वेल्डची शिवण असलेला) चौकोनी पाइप बहुतेक ठिकाणी पुरतो. मीटरला सव्वा किलोच्या आत वजन बसतं, म्हणजे पन्नास मीटर पाइप लागला तरी साठ किलोच्या आत चौकट. मुलं भीतीपोटी 3 मिमीचा पाइप आणतात आणि तिरपे पाइप टाळतात. त्याने गाडी जड होते आणि पीळही खाते.

इंजिनच्या खोलीचा वरचा भाग ही नेहमीची दुखरी जागा, कारण इंजिन काढता यावं म्हणून तिथला तिरपा पाइप गाळला जातो. तो बोल्टने काढता-घालता येईल असा करा, पण गाळू नका.

रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या, बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य रोल बारला कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप लागतो, 45×2.5 किंवा 50×2 मिमी. बाकीच्या केजला (माणसाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याला) 38×2.5 किंवा 40×2. फर्निचरचा पाइप तसाच दिसतो, पण वाकवलेल्या जागी शिवण उघडते. बेंड सुरकुती न पडता आला पाहिजे. मागचे आधार मुख्य बाराशी किमान 30 अंशांचा कोन करतील असे घ्या.

वेल्डिंगसाठी सपाट टेबल हवं. आय-बीमची चौकट करून पाणपातळीत आणा, तिच्यावर मधली रेघ कोरा आणि प्रत्येक सस्पेन्शन बिंदूसाठी टेबलावरून उभा ठोकळा घ्या, ज्याच्या भोकात ब्रॅकेट बोल्टने बसेल. चॅसिस बांधून मग ब्रॅकेट लावायचे नाहीत. ब्रॅकेट या जिगमध्ये, म्हणजे टेबल-ठोकळ्यांच्या साच्यात, आधी, पाइप त्यांच्यापर्यंत यायचे. गोल पाइपचा काप फटीतून उजेड दिसणार नाही इतका घट्ट बसवा. एक सूत फट वेल्डने भरून निघते खरी, पण थंड होताना तीच पाइपाला ओढते. सगळी चौकट टॅकवर (छोट्या तात्पुरत्या वेल्डवर) उभी करा, कर्ण मोजा, गुण्या आणि ओळंबा लावून बघा, आणि मग पूर्ण वेल्ड. एक सांधा पुढे उजवीकडे, पुढचा मागे डावीकडे, असं फिरत राहा. एकाच कोपऱ्यात चारही बाजूंनी वेल्ड मारत बसलात तर तो कोपरा दोन-तीन मिमी सरकलेला मिळेल आणि वर आखलेलं सगळं गणित तिथेच संपेल. पूर्ण गार होईपर्यंत जिगमधून काढू नका.

मग पीळ मोजा. फार कमी लोक हे करतात आणि त्याला खर्च काहीच नाही. मागचे दोन्ही बिंदू टेबलाला जखडा, पुढे आडवा बीम बांधून मध्यावर टेकवा आणि मध्यापासून एक मीटरवर 60 किलो टांगा. साधारण 590 न्यूटन-मीटर झाले. मध्यापासून 500 मिमीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावा. 1.75 मिमी हललं तर पीळ 0.2 अंश, म्हणजे कडकपणा सुमारे 2900 न्यूटन-मीटर प्रति अंश. तुमच्यासारख्या हलक्या गाडीला अडीच हजाराच्या वर काहीही मिळालं तर मी समाधानी असेन. हजारावर अडकलात तर गेज चौकटीवर मागे मागे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम पडतो तिथे तिरपा पाइप कमी आहे.

सस्पेन्शन बसल्यावर स्प्रिंग काढून बंप स्टिअर तपासा. चॅसिस ठरलेल्या उंचीवर स्टँडला धरा, हबला प्लायची सपाट पाटी बोल्टने लावा, तिच्यावर 300 मिमी अंतराने दोन डायल गेज टेकवा आणि जॅकने चाक 10-10 मिमी उचलत 50 पर्यंत न्या, तसंच खाली. दोन्ही गेज सारखे सरकले तर चाक वळत नाही. पहिल्या 25 मिमीत फरक 0.3 मिमीच्या आत ठेवा. जास्त येत असेल तर रॅकखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला किंवा काढा. अर्धा मिमी शिमनेही आकडे बदलताना दिसतात, आणि ते बघताना आपण काय बांधलंय हे पहिल्यांदा नीट कळतं.

बाकीचं थोडक्यात. रेडिएटर पुढे नेलात तर पाण्याच्या लांब पाइपात हवा अडकते, सगळ्यांत उंच जागी हवा काढायची चावी ठेवा. पेट्रोल टाकी आणि माणूस यांच्यात पूर्ण पत्र्याची फायरवॉल हवी, भोकं नसलेली. सस्पेन्शनला 8.8 ग्रेडच्या खालचा बोल्ट नको, ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी धरणारा हवा आणि कातर घेणारी जागा बोल्टच्या आट्यांवर येता कामा नये. वायरिंग 800 चंच लूम (वायरांचा जुडगा) सोडवून वापरा, पण मुख्य कट-ऑफ स्विच बाहेरून हाताला येईल असा लावा.

पहिल्यांदा चालवायच्या आधी चार इलेक्ट्रॉनिक काट्यांवर गाडी ठेवा, चालक बसवून. पुढचं डावं अधिक मागचं उजवं, ही बेरीज एकूण वजनाच्या निम्मी येईपर्यंत स्प्रिंगच्या बैठका फिरवा. मग रिकाम्या पटांगणात पहिल्या गिअरवर चालवा आणि ब्रेक मारा. कोणती चाकं आधी लॉक होतात ते बाहेरून दुसऱ्याने बघायचं. पुढची आधी व्हायला हवीत. तोवर दुसरा गिअर नाही. प्रत्येक बोल्टवर आणि ब्रॅकेटवर मिळून एक पांढरी रेघ मारा आणि प्रत्येक फेरीनंतर त्या रेघा तुटल्यात का ते बघा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उघडून सगळ्या वेल्डवर डाय पेनेट्रंट फवारा. तडे असतील तर लाल रेघ उमटते, आणि ते बहुतेक इंजिनच्या माउंटिंगपाशी किंवा मागच्या टो लिंकच्या ब्रॅकेटपाशी सापडतात. ते दुरुस्त करून आणखी पन्नास चालवा. दुसऱ्या तपासणीत काही निघालं नाही की चौकट सोडवून पावडर कोटिंगला द्या आणि ते स्केच तेव्हा बाहेर काढा. त्यात बरेच बदल करावे लागतील, पण पत्रा कापायला तेव्हा हरकत नाही.